मीठभाताचा नवस

फिलेमोन डुमांचे खाण्याचे नखरे फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होते. त्याच्या खुर्चीत केस कापायला बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, "काय फिले, आज काय काय नाही खाल्लंस?" रस्सा नको, पाला नको, वास येणारं तर मुळीच नको. कोरडा भात, वर तळलेलं अंडं, संपलं. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी बायको त्याच्यासाठी कढई वेगळी ठेवायची आणि रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची.

असला माणूस म्हातारपणी व्हिएतनामला निघाला. मुलगा जेर्विन तिथे कान थो शहरात शाळेत शिकवायचा. तिथल्याच थोआ नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं आणि बोलणी करायला मुलाकडचं कोणी मोठं हवं होतं. बायकोला विमानाची धास्ती, तेव्हा जाणार कोण, हाच.

पोचल्या संध्याकाळीच थोआच्या आईने, साउबाईंनी, माशाचा आंबट रस्सा पुढे ठेवला. त्यात कसली कसली पानं आणि फुलं. वास येताच फिलेमोन मागे सरकला. साउबाईंनी माशाचा सगळ्यात चांगला तुकडा आपल्या जेवायच्या काड्यांनी उचलून त्याच्या वाडग्यात ठेवला. आता आवडत नाही म्हणून सांगायचं तरी कसं? तो घाईघाईने मुलाला म्हणाला, "सांग त्यांना, तुमचा संसार सुखाचा व्हावा म्हणून बाळ येशूला नवस बोललोय. घरी परत जाईपर्यंत फक्त भात आणि मीठ."

अंड्याचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

"बाबा, देवाला कशाला मध्ये आणता?" जेर्विन आपल्या भाषेत पुटपुटला. बापाला तो चांगला ओळखून होता. पण सगळे वाट बघत होते, म्हणून त्याने सांगून टाकलं. साउबाईंनी हात जोडले आणि तो तुकडा अलगद काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून फिलेमोन सकाळी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडायचा आणि कालव्याकडच्या टपरीवर अंडी तळून घेऊन खायचा. आपण मोठे हुशार, असंच त्याला वाटत होतं.

मग साउबाईंच्या नवऱ्याचं श्राद्ध आलं. मुरवलेल्या मासळीचा दाट रस्सा त्या माणसाच्या फार आवडीचा, आणि तो गेल्यापासून घरात त्या एकाच दिवशी व्हायचा. साउबाई पहाटेपासून चुलीपाशी होत्या. फोटोपुढे नैवेद्य ठेवून झाला, चटयांवर पंगत बसली. फिलेमोन आपला वाडगा घेऊन कडेला बसला, तर साउबाई येऊन त्याच्यासमोर बसल्या. त्यांच्या वाडग्यातही नुसता भात आणि चिमूटभर मीठ.

"अगं ताई," थोआचा मामा म्हणाला, "वर्षभर या रश्श्यासाठी जीव टाकतेस, आणि आज मीठभात?"

"नवस माझ्या लेकीसाठीपण आहे ना," साउबाई म्हणाल्या. "व्याह्यांनी एकट्यांनीच का सोसायचं? ते आल्यापासून मागे चुलीपाशी बसून मी हेच खातेय."

जेर्विनने खाली बघत ते बापाला सांगितलं. फिलेमोनच्या कानशिलांना आग लागली. ही बाई मीठभातावर घरभर राबत होती आणि आपण टपरीवर अंडी हाणत होतो. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. त्याने वाडगा खाली ठेवला.

"मी खरं सांगून टाकतो," तो आपल्या भाषेत मुलाला म्हणाला.

"सांगा की. श्राद्धाच्या दिवशी, चारचौघांत. नवऱ्यामुलाच्या बापाने देवाच्या नावाने थाप मारली, असं होईल. मान थोआची खाली जाईल, बाबा. तुम्ही काय, विमानात बसून निघून जाल."

मग फिलेमोनने रश्श्याचं भांडंच जवळ ओढलं. निदान शिक्षा म्हणून तरी खावं. वासाने डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पळी भरून घेतली. ती वाडग्यापर्यंत पोचायच्या आत साउबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"नको, व्याही. माझं मन राखायला देवाशी वाकडं घेऊ नका."

त्या उठल्या, फोटोपुढे उदबत्ती लावली आणि नवऱ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. काय म्हणतायत, असं फिलेमोनने विचारलं.

"तुमच्याबद्दल सांगतायत," जेर्विन म्हणाला. "म्हणतायत, काळजी करू नका, आपली पोरगी खऱ्या माणसाच्या घरात चाललीय."