बावखलातला जिताडा

आमच्या गिरीजच्या वाडीत केळींना पाणी देण्यासाठी एक बावखल होतं. दिसायला लहानसं तळं, पण बरंच खोल. वडिलांनी खाडीतून आणून सोडलेली जिताडा माशाची पिल्लं त्यात हातभर झाली होती. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपली की वडील लहान होडी घेऊन गळाला बसत, आणि त्या आठवड्यात रोज मलाही सोबत नेत.

मला म्हणजे पायाला भिंगरी असलेल्या माणसाला! त्यात खिशात बहारीनच्या नोकरीचं पत्र. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि वडिलांची परवानगी मागायची राहिली होती. मी एकुलता एक. वाडी त्यांच्यामागं बघणार कोण? घरी चार माणसांत विषय काढायची छाती नव्हती. आई म्हणाली, "एकट्यालाच गाठ त्यांना."

एकटे सापडायचे ते होडीत, आणि होडीत बोलायचं नाही हा त्यांचा कडक नियम. जिताड्याला आवाज कळतो म्हणे! मी नुसतं "बाबा" म्हटलं तरी ते ओठांवर बोट ठेवायचे. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. पाणी ढिम्म हलेना. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे आपले जिवंत कोळंबी गळाला लावून समाधी लावल्यासारखे बसलेले. मला त्यांचा रागच यायला लागला.

शनिवारी माझ्या हातातल्या दोरीला हिसका बसला. मासा लागला की दोरी सैल सोडायची, त्याला दमू द्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जिताड्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. ओढाओढ केली की डोकं झटकून तो दोरी कापतो. पण मला थांबवतंय कुठं? मासा मिळाला की सुटलो, असं वाटून मी दोन्ही हातांनी खेचलं. मासा उसळला, दोरी तुटली आणि मी होडीत उताणा पडलो.

"असला कसला तुमचा नियम!" मी ओरडलो. "चार दिवस मला एक गोष्ट विचारायचीय!"

"ठाऊक आहे. तुझ्या आईनं मंगळवारीच सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

वडील पाण्याकडेच बघत होते. "तू विचारलंस की मला 'जा' म्हणावं लागेल. होडीत तुला विचारता येत नाही, म्हणून रोज आणत होतो." मग आपला गळ वर घेत म्हणाले, "विचार आता."

मी उठून बसलो. मग विचारलं.

"जा," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली तुटकी दोरी घेऊन गुंडाळत बसले. गुंडाळण्याइतकी ती उरलीही नव्हती.