झावळी एका घावात

"माळी ठेवला की माणूस संपला," असं म्हणत काका कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवायचे. मग तो अंगठा तोंडात घालायचे, कारण बहुतेक वेळा तो कापलेला असायचा.

सानपाड्याच्या आमच्या रो-हाउसच्या रांगेत काकांचं घर आमच्या घराला चिकटून होतं. मधे छातीएवढी भिंत. नव्वदनंतर आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा काका नुकतेच तळोज्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाले होते. तिथे ते बॉयलर सांभाळायचे. आता मागचं अंगण सांभाळायचे. अंगण म्हणजे एका खोलीएवढी जागा, त्यात एक बुटका नारळ, एक शेवगा आणि मेंदीचं कुंपण. पण काका खाकी पँट, कारखान्याचे बूट आणि डोक्याला रुमाल अशा थाटात मागचं दार उघडायचे, की वाटावं माणूस फर्स्ट शिफ्टला निघालाय.

रविवारी सकाळी सात वाजता त्यांची कात्री सुरू व्हायची. कच, कच, कच. सगळ्या सोसायटीने आठवडाभर जपून ठेवलेली झोप ते पंधरा मिनिटांत कापून टाकायचे. तुमच्याही शेजारी असा एखादा गृहस्थ असेल. आपण त्याला मनातल्या मनात काय काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

एकदा मी भिंतीवरून विचारलंच, "काका, एवढी घाई कसली?"

"घाई नाही हो. हौस!" ते म्हणाले. "गिरगावात चाळीत जन्मलो. आमची शेती म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. तिलाही आई हात लावू द्यायची नाही. आत्ता कुठे स्वतःची माती मिळालीय."

मग माझा राग गेला. पण पुढच्या रविवारी सात वाजता परत चिडलो.

हे काम कधी थांबवायचं, याचा काकांचा नियम ठरलेला होता. आयुष्यभर त्यांनी बॉयलर चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवलं होतं. ते म्हणायचे, "मशीन आपण होऊन सांगत नाही की मी थकलो. टेस्ट घ्यावी लागते. माझी टेस्ट सोपी आहे. वाळलेली झावळी एका घावात तुटली पाहिजे. ज्या दिवशी दोन घाव लागतील, त्या दिवशी कोयता खाली. टेन्शन नाही."

मग एका रविवारी दोन घाव लागले. मी गॅलरीतून बघत होतो.

"झावळी ओली होती," काका म्हणाले.

पुढच्या वर्षी तीन लागले. तेव्हा कोयत्याला धार नव्हती. चार लागले तेव्हा खारं वारं आणि नारळाची जात यांच्यावर काका इतकं बोलले, की मी घाव मोजायचं सोडून दिलं. कारखान्यात असा बॉयलर असता तर त्यांनी त्याला केव्हाच कुलूप घातलं असतं. पण हा बॉयलर त्यांचा स्वतःचा होता.

मग ते शेवग्यावरून पडले.

शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ असतं, हे आमच्या रांगेत सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही होतं, पण त्यांच्या मते तो नियम इतरांच्या शेवग्याला लागू होता. शेंगा काढायला ते शिडीवरून फांदीवर गेले, आणि फांदी त्यांना घेऊन भिंतीपलीकडे, म्हणजे आमच्याकडे, आली. अंगणात माझ्या बायकोने चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. मोठा कडकड आवाज झाला. आम्ही धावत गेलो तर काका कुरडयांच्या मधोमध बसलेले, हातात शेंगांची जुडी.

"सॉरी हं, तुमच्या हद्दीत आलो," ते म्हणाले. मग एक कुरडई मोडून बघितली. "छान वाळल्यात."

मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. त्या दीड महिन्यात काका डाव्या हाताने पाणी घालायचे आणि अर्धं स्वतःच्या बुटात घालायचे. काकूंनी माळ्याचा विषय काढला की म्हणायचे, "अगं, हात मोडला, माणूस नाही." प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात काकांनी शिडी नारळाला लावली.

तो रविवार मला नीट आठवतो. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. काका वर, काकू खाली शिडी धरून. काकूंचे गुडघे तेव्हा चांगलेच दुखायचे. काकांनी झावळीवर पाच-सहा घाव घातले. ती अर्धी तुटली आणि लोंबकळत राहिली. काकांनी घाम पुसायला मान वळवली, आणि खाली बघितलं.

काकूंनी डोळे घट्ट मिटले होते. शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखी पकड होती.

काका तसेच थांबले. मग एकेक पायरी उतरत खाली आले.

"झालं?" काकूंनी डोळे उघडून विचारलं.

"तू डोळे मिटून शिडी धरतेस?"

"मग काय, उघडे ठेवून बघू तुम्ही कसे पडता ते?"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," काकू म्हणाल्या आणि साडीला हात पुसत आत गेल्या.

काका मागच्या पायरीवर बसले. कोयता त्यांनी बाजूला ठेवला होता. मला वाटलं, आता झावळीचा काहीतरी दोष सांगतील. पण त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "अहो शेजारी, एखादा माळी असेल तर बघा."

मी खाली भिंतीपाशी गेलो. "काका, अजून तुमच्या हातांत जोर आहे की," असं काहीतरी म्हणालो.

"माझ्या आहे हो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी आपला माझीच टेस्ट घेत होतो."

माळी मिळाला नाही, माळीण मिळाली. सानपाडा गावातली एक आगरी मावशी. पांढरे केस, नऊवारी घट्ट खोचलेली, हातात आकडी लावलेला लांब बांबू. तिला बघून काका हबकलेच.

"मावशी, तुमचं वय काय हो?"

"कोनाला ठाव! तुमच्यापरीस मोटीच असंन."

"शिडी आणू?"

"ती कशाला?" मावशीने खालूनच आकडी झावळीला अडकवली आणि एक हिसका दिला. महिनाभर लोंबकळणारी झावळी काकांच्या पायाशी येऊन पडली.

काका त्या बांबूकडे बघत राहिले. "म्हणजे वर चढायचंच नव्हतं?"

"वर कावले जातान," मावशी म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिने अंगणभर नजर फिरवली. "हितं पयला आमचा भात व्हायचा."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या शेतात राबतोय?"

"मंग? सगला चुकीचा राबताय."

त्यावर काका इतके हसले की काकू बाहेर आल्या. त्यानंतर मावशी आठवड्यातून एकदा यायची. काका खुर्ची टाकून सूचना द्यायचे, मावशी त्यातली एकही ऐकायची नाही. काम झालं की तिघं चहा प्यायची. आम्ही रविवारी आठपर्यंत झोपायला लागलो. खरं सांगायचं तर सातला जाग यायचीच, आणि काही ऐकू आलं नाही की उगाच चुकल्यासारखं वाटायचं.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात काका तापाने आजारी पडले, आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, आणि परत आले नाहीत. काकू मुलीकडे ठाण्याला गेल्या. घर बंद झालं. मावशी आता आमच्याकडे आणि रांगेतल्या आणखी चार घरी काम करायची.

एके दिवशी ती आमच्या अंगणात पाला गोळा करत होती. भिंतीपलीकडे कमरेएवढं गवत माजलं होतं. मी म्हटलं, "मावशी, काका असते तर हे गवत बघून वेडे झाले असते."

मावशीने हातातला पाला खाली ठेवला आणि पलीकडे बघितलं.

"काम काय येत नवता त्याला," ती म्हणाली. "पन करायचा लय."

मग ती पदर खोचून भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली, आणि कोणी न सांगता गवत उपटायला बसली.