चार देशांच्या चौघी

हुपरीच्या स्टँडवर आबांनी मला पाठीवर घेऊन एसटीत चढवलं, तेव्हा मी चांगली नोकरीच्या वयाची होते. पोलिओनं पाय लहानपणीच गेलेले; हात मात्र पैंजणांच्या कड्या जोडून घट्ट झालेले. इंग्लंडात लेस्टरला मावशीकडं निघाले होते, अकाउंट्स शिकायला. "तिकडं कुणी हात दिला तर घ्यायचा," आबा म्हणाले. "उगं ताठ्यात ऱ्हाऊ नगंस." आई खिडकीतून हात घालून नुसती माझी शाल सारखी करत होती.

लेस्टरमध्ये व्हीलचेअर मिळाली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी दुकानात गेले. ब्रेड घेतला, मग उगीचच रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. घरी फोनवर हे सांगताना जीभ अडखळायची. मला उचलून नेणारी माणसं मागं राहिली होती आणि मी तर खुशीत होते. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना हे कळेल.

पुढं तिथल्या एका क्लबात व्हीलचेअरच्या शर्यतींचा नाद लागला. हॉलंडच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून मी एकटीच होते. रिलेला चौघी लागतात. लाहोरची फरीदा, केनियाची मेरी, श्रीलंकेची कुमारी, याही एकेकट्याच आलेल्या. आयोजकांनी आमची एक टीम केली.

आबांना फोन केला.

"कुठल्या देशाकडनं खेळतीस म्हणायचं?"

"चार देशांकडनं, आबा."

"मग आमी कुणाच्या नावानं वरडायचं?"

"चौघींच्या."

"बरं. नावं सांग की सावकाश."

आमच्या रिलेत काठी नसते. मागून येणारीनं पुढचीला हात लावायचा. भाषा वेगवेगळ्या, सरावात नुसता गोंधळ. शेवटी वैतागून मी ओरडले, "हाण की!" अर्थ कुणालाच कळला नाही, पण इशारा तोच ठरला.

फायनलला मेरीची खुर्ची कलंडता कलंडता वाचली आणि आम्ही सगळ्यांत मागं पडलो. मग फरीदा "हाण की!" ओरडत आली, तिचा हात माझ्या खांद्यावर आपटला आणि मी सुटले. तिसऱ्या आलो. आमचा असा एक झेंडा नव्हताच, म्हणून स्पर्धेचाच चढवला. त्याच्याखाली चौघी रडलो.

त्या हिवाळ्यात हुपरीला आले. आबांनी मेडल गल्लीभर फिरवलं. आई मात्र माझ्या मागं, दाराबाहेर वाकून बघत होती.

"बाकीच्या पोरी कुठं हायत?"

"त्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, आई."

"आन् हितं यायचं न्हाय व्हय? चौघींचं जेवण केलंय मी!"

ती खरंच रागावली होती. आता कुणी घर विचारलं की मी लेस्टरचा पत्ता सांगते. पण घर म्हटलं की मला त्या दुपारची आई दिसते, कधी न पाहिलेल्या तिघी पोरींसाठी दारात खोळंबलेली.