पटलावर ठेवलेलं पोट

चहा येईपर्यंत एक कबुली देऊन टाकतो. हसायचं असेल तर शेवटी हसा. राष्ट्रीय आरोग्य धोरणावर संसदेत चर्चा झाली ना, तिच्यात माझं पोट आहे. अक्षरशः पोट. सोमवार ते शनिवार, वारानुसार नोंदींसकट, छापील.

तिथं कसं पोचलं म्हणता? माझ्याच हातानं पोचलं, म्हणून तर सांगतोय.

मी निवृत्त शिक्षक. आमचं गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर. कर्जतवाल्यांना आम्ही खालापूरचे वाटतो, खालापूरवाल्यांना कर्जतचे. निवृत्तीनंतर मी आमच्या खासदार ताईंच्या संपर्क कार्यालयात बसायला लागलो. काम एवढंच, की ताईंच्या भाषणांना मुद्दे लिहून द्यायचे. ताई सभागृहात मराठीतच बोलतात आणि शुद्ध मराठी लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. तसे तालुक्यात पुष्कळ असतील, पण रिकामा मीच होतो.

त्या अधिवेशनात आरोग्य धोरणावर चर्चा लागली. ही बातमी मीच गावात फिरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनी दारात उभ्या राहिल्या. सुमनवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, महिला मंडळाची अध्यक्ष. त्यांच्यासमोर सरपंचसुद्धा बिडी विझवतो.

"भाऊजी, आपल्या उपकेंद्राचं नाव दिल्लीत निघालं पायजे."

"काढू की, वहिनी."

"काढू नाय. लिवा. माझ्यासमोर लिवा."

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे. चांगली रंगवलेली. आत नर्स तेवढी नव्हती. आधीची बदलून गेली ती गेलीच, कुलपाला गंज चढला. इकडे वहिनींच्या सुनेला, रेश्माला, पाचवा महिना लागलेला. आदल्या खेपेला तिला वेळेवर कुणी तपासलं नाही आणि मूल वाचलं नव्हतं. त्यामुळे वहिनी काही चेष्टेनं बोलत नव्हत्या. मीही मन लावून दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर देश, दुसऱ्या पानावर आमचं गाव.

आता इथं तिसरा कागद येतो. त्याच आठवड्यात कर्जतचे माझे डॉक्टर मला म्हणाले होते, "सर, पोटाचं रोजचं लिहून आणा. काय खाल्लं, काय झालं." शिक्षकाला कधी 'लिहून आणा' म्हणू नये. मी फुलस्केपवर सगळ्यात वर नाव, गाव, तालुका, वय घातलं. खाली विषय लिहिला. मग आठवड्याच्या नोंदी. आणि शेवटी, हाताची सवय हो, 'तरी याबाबत लवकरात लवकर उपाययोजना व्हावी, ही नम्र विनंती.'

ताईंचे पीए गाडी चालू ठेवूनच कागद न्यायला आले. मी घाईघाईत टेबलावरची दोन पानं उचलली, टाचणी लावली आणि दिली. त्यांनी दुसऱ्या पानावर वर गावाचं नाव पाहिलं, खाली नम्र विनंती पाहिली, आणि पाकीट बंद केलं. मधलं कोण वाचतो?

चर्चेच्या दिवशी दुपारी माझ्या घरात टीव्हीसमोर आठ-दहा बायका. रेश्माला एकटीला खुर्ची. ताई उभ्या राहिल्या आणि पहिलं पान झकास बोलल्या. मी ओठ हलवत होतो, कारण वाक्यं माझी होती. एवढ्यात घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, आटोपतं घ्या. ताई म्हणाल्या, "माझं उरलेलं भाषण मी सभागृहाच्या पटलावर ठेवते," आणि बसल्या.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "म्हंजे? आपलं नाव नाय घेतलं?"

मी हसलो. आठवीच्या वर्गाला हसायचो तसा.

"वहिनी, पटलावर ठेवलं म्हणजे सभागृहात वाचलं असंच धरतात. उलट बोललेलं विसरलं जातं, हे छापून राहतं. मराठीतनं हिंदी करतात, इंग्रजी करतात. देश आहे तोवर ते पान आहे."

"कुनाला काढून टाकता येत नाय ना?"

"कुणाच्या बापाला नाही."

काय तो माझा आत्मविश्वास. बायका खूश होऊन गेल्या. रेश्मा जाताना पाया पडली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर ऐटीत घडी उलगडून कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पुरता वाचला.

"सर, यात पोटाचं काहीच नाही."

"नीट बघा, वारानुसार लिहिलंय."

"यात नर्सचं रिकामं पद आहे. गरोदर बायकांची गैरसोय आहे. मागणी रास्त आहे हो. मी कुठं सही करू का?"

मी तो कागद बघितला. भाषणाचं दुसरं पान होतं ते, म्हणजे पोट दिल्लीला गेलं होतं. दवाखान्याच्या पायरीवरूनच पीएंना दिल्लीला फोन लावला. ते पटलावरचं पान परत मिळेल का, असं विचारलं. ते म्हणाले, "सर, तो काय बँकेतला फॉर्म आहे का? गेलं ते छपाईला."

चार दिवसांनी ताईंचा फोन. आवाज शांत. ताई चिडल्या की शांत होतात.

"सर, मध्य प्रदेशचे एक ज्येष्ठ सदस्य मला आज लॉबीत भेटले. त्यांनी मला इसबगोल सुचवला."

मी म्हणालो, "घेऊन झालाय, ताई. उपयोग नाही."

वहिनींना मी स्वतः सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. रोज चप्पल घालायचो आणि रोज काढायचो. तेवढ्यात त्यांनीच ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवरून छापील कामकाज काढून आणलं आणि सगळं मंडळ घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'सोमवार. पहाटे पाऊण तास बसलो. निष्पत्ती नाही.' भाऊजी, ह्ये उपकेंद्राचं हाय?"

"नाही."

"'बुधवार. वालाची उसळ खाल्ली. सायंकाळी शाळेच्या सत्कारात आवाज झाला. संशय खुर्चीवर गेला.' ह्ये?"

"वहिनी, द्या तो कागद इकडं."

"'शनिवार. अंशतः यश.' हिंदीत ह्येला आंशिक सफलता लिवलंय. इंग्रजीतलं आमच्यानं वाचवत नाय."

बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. रेश्मा तर भिंतीला टेकून हसत होती. वहिनी हसल्या नाहीत.

"दिल्लीला आपलं एक पान जानार व्हतं, भाऊजी. त्या पानावर तुमी जाऊन बसलात."

मला लाज वाटली. नुसती फजितीची नाही, खरी लाज. ती पोर रोज पोटावर हात ठेवून त्या कुलपावरून जायची आणि मी माझ्या वालाच्या उसळीचा इतिहास देशाला दिला होता.

पण सरकारचं डोकं कसं चालतं बघा. त्या चर्चेत कितीतरी सदस्यांनी डॉक्टर मागितले, नर्स मागितल्या. सगळ्यांना एकच उत्तर गेलं, योग्य ती कार्यवाही सुरू आहे. मात्र एकाच सदस्याच्या भाषणात जिवंत माणूस होता. नाव, गाव, वय, आणि आठवड्यातला एक दिवस अंशतः यश. त्याला योग्य ती कार्यवाही कशी सांगणार? दिल्लीनं मुंबईला पत्र पाठवलं, मुंबईनं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तालुक्याला. दोन्ही तालुक्यांनी ते महिनाभर एकमेकांकडे ढकलून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी वर एक 'तातडीचे' वाढलं. शेवटी हुकूम निघाला, की सदर रुग्णास गावातच सेवा द्यावी आणि तो बरा होईपर्यंत दर आठवड्याला अहवाल पाठवावा.

एका मंगळवारी खरोखरच एक सिस्टर आली. कुलपात तेल घालून उपकेंद्र उघडलं. नव्या रजिस्टरात पहिलं नाव माझं. दुसरं रेश्माचं, आणि तिच्यामागं बायकांची रांग थेट पिंपळापर्यंत.

सिस्टरनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "सर, आता कसं आहे? साफ होतंय?"

डॉक्टरांच्या औषधानं मी केव्हाच ठणठणीत झालो होतो. मी आनंदानं तोंड उघडलं.

"बरं असेल तर तसं लिहिते," सिस्टर म्हणाली. "मग फाईल बंद, आणि मी परत माझ्या जुन्या केंद्रावर."

वहिनी पुढं आल्या.

"त्ये कुठं बरे हायत? तोंड बघा की त्यांचं."

मी रेश्माकडे पाहिलं. सातवा संपत आला होता तिचा.

"नाही सिस्टर," मी म्हणालो. "जडच आहे अजून."

तेव्हापासून दर मंगळवारी मी भर रांगेत माझं पोट बिघडवतो. पुढच्याच महिन्यात सिस्टरला रेश्माचा रक्तदाब वाढलेला दिसला, पायाला सूजही होती. तिनं लगेच रुग्णवाहिका बोलावली, स्वतः सोबत गेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी बारशाला गेलो तर सिस्टर समोर बसलेली, म्हणून मला मऊ भात वाढला. बाकी पंगत जिलबी खात होती.

त्या दिवशी मी वहिनींना हात जोडून म्हणालो, "आता मला बरा होऊ द्या."

"वरच्या आळीत अजून दोघी हायत. येवढं त्यांचं होऊन जाऊ द्या."

त्या दोघींचंही झालं. मग आणखी तिघी निघाल्या. आता गावात मी सकाळी टमरेल न घेता नुसता फिरायला निघालो तरी लोक काळजीनं विचारतात, "सर, झालं का?" आणि नाही म्हटलं की त्यांच्या तोंडावर समाधान दिसतं.

काल ताईंचा फोन आला. वहिनी तेव्हा नेमक्या आमच्याच ओट्यावर बसलेल्या.

"सर, या अधिवेशनात आरोग्यावर परत चर्चा आहे. तुमचं प्रकरण पाठपुरावा म्हणून मांडते. या वेळी उभी राहून वाचणार. तब्येत आहे ना तशीच?"

मी डोळे मिटले. "आहे, ताई. तशीच आहे."

मागून वहिनी म्हणाल्या, "तशीच नाय. वाढलंय म्हना."