जावेचं इंजिन

माझ्या जावेचं इंजिन एका हिसक्यात चालू व्हायचं. आमचं व्हायचं नाही. दोन्ही घरं एकाच आवारात, मध्ये सामाईक विहीर, समोर खाडी, आणि सकाळी दोन्ही होड्या एकाच वेळी निघायच्या. त्यामुळे हा फरक रोज न चुकता माझ्या कानावर पडायचा. तिकडे धाकटा दीर दोरी ओढतो न ओढतो तोच इंजिन सुरू. इकडे माझा नवरा ओढतोय, थांबतोय, कंबर धरतोय, पुन्हा ओढतोय, आणि होडीत बसलेले पाहुणे मोबाइल काढून त्याचं शूटिंग करतायत. मी स्वयंपाकघरात घावणे घालत असायची. एखादा तरी हमखास करपायचा.

पाहुण्यांना द्यायच्या खोल्या आमच्या किनाऱ्यावर घरोघरी आहेत. माशाचं जेवणही सगळीकडे मिळतं. पाहुणा येतो तो सकाळी होडीतून डॉल्फिन बघायला, खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या बेटावर पाय भिजवायला. होडी बंद पडली की खोलीही रिकामी राहते. आमचं सगळं घर त्या होडीच्या पाठीला अडकवलेल्या इंजिनावर चालत होतं, आणि ते इंजिन तर असं.

दोन्ही इंजिनं जुनीच घेतलेली. नवीन घ्यायची ऐपत तेव्हा कुणाचीच नव्हती. वाटणी होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे दोघा भावांनी एकमेकांना न विचारता आपापलं शोधलं. दिराने आणलं वेंगुर्ल्याच्या एका निवृत्त ख्रिश्चन मास्तरांकडून. मास्तर रविवारी प्रार्थना आटोपली की गरी टाकायला जायचे, तेवढंच ते चाललेलं. रंग उडालेला, वरचं झाकण उन्हाने पांढरं पडलेलं. टेम्पोतून उतरवताना मी पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसले.

आमचं गोव्यातून आलं. तिथल्या एका किनाऱ्यावर हंगाम संपताना पर्यटकांच्या होड्यांची इंजिनं विकायला काढतात. आम्ही दोघं गेलो होतो. काय चकाकत होतं! काळा कुळकुळीत रंग, बाजूला लाल पट्टा. विकणाऱ्याने पिंपात बुडवून दोरी ओढली आणि ते लगेच सुरू झालं. नवऱ्याने झाकणावर हात ठेवला, तर गरम. "चालता आसा गो, गरम लागता," तो मला म्हणाला, आणि आम्ही दोघंही खूश झालो. आम्ही पोहोचायच्या आधीच विकणाऱ्याने ते तापवून ठेवलं होतं, गार इंजिन चालू करून दाखवायची त्याची छाती नव्हती, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. जुनं इंजिन बघायला जावं तर आधी ते गार आहे का बघावं. नवा रंग दिसला तर खाली काय झाकलंय ते विचारावं. हे आता मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं.

पहिल्या हंगामातच रंगाला फोड आले. बाजूने इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची जी धार पडायला हवी, ती करंगळीएवढी, मग सुतळीएवढी. आतल्या वाटा मिठाने बुजलेल्या. गिअरचं तेल बदलायला काढलं तर आत पाणी शिरून त्याचा दुधाचा चहा झालेला. शंभर हातांनी वापरलेलं, कुणीच न धुतलेलं इंजिन आम्ही वाजतगाजत घरी आणलं होतं आणि खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावत होतो.

आणि जाऊ? ती रोज संध्याकाळी न चुकता आपलं इंजिन निळ्या पिंपात लावायची, विहिरीचं गोडं पाणी भरायची आणि दीर ते पाण्यात चालवून आतलं मीठ काढायचा. वैशाखात विहिरीचा तळ दिसायला लागला तरी तिचं पिंप भरलेलं. आपल्या अंगणातल्या अबोलीला ती खरकटं पाणी घालायची आणि इंजिनाला मात्र गोडं. माझ्या मागच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. खिडकी काही मी बघण्यासाठी केली नव्हती, पण होती हे खरं. दर अवसेला ती मीठ-मिरच्या ओवाळून इंजिनाची दिष्ट काढायची. ओवाळताना आमच्या घराकडे एकदा तरी बघायची. कुणाची दिष्ट, हे सांगायला ज्योतिषी नको.

मी जळत होते, सरळ सांगते. तिची साडी, तिची माहेरची माणसं, तिचं गोरेपण, याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या इंजिनाचा आवाज मात्र माझ्या पोटात जायचा.

गेल्या हंगामात ऐन गर्दीच्या दिवसात आमची होडी बेटाजवळ बंद पडली. होडीत माणगावकडची बायकामुलं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं आणि नवरा दोरी ओढून घामाने निथळत होता. शेवटी दीर आपली होडी घेऊन आला, रस्सी टाकली आणि आमची होडी ओढत धक्क्याला आणली. आमच्या पाहुण्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जेवले माझ्याकडे, माझ्या हातची सोलकढी पुन्हा मागून प्यायले, आणि जाताना फोन नंबर घेतला तो जावेचा.

त्यानंतर कळलं की दीर नवं कोरं इंजिन घेतोय, बटणाचं. जुनं विकायला काढलंय. नवरा त्या दिवशी जेवताना हळूच म्हणाला, "इचारूया काय गो त्येका? आमका दुसरा इतका बरा मिळूचा नाय."

"अजिबात नाय," मी म्हटलं. "तेंका देवचा आसात तर ते येतले. आमी कित्याक तोंड वेंगाडूचा?"

माझा हिशेब वेगळाच होता. इतकं जुनं, असं विटलेलं इंजिन कोण घेणार? पडून राहील, मग जाऊ स्वतःच येईल, वयनी घ्या हो म्हणेल, आणि मी जरा विचार केल्यासारखं करून हो म्हणेन. मी वाट बघत राहिले. नवं इंजिन आलं तरी जुनं तिच्या पडवीत लाकडी घोडीवर टांगलेलं होतं, आणि संध्याकाळी वापर नसतानाही ती त्याच्यावरून ओला फडका फिरवत होती.

एके दिवशी दुपारी मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. दीर पाहुण्यांना घेऊन गेलेला, जाऊ बाजारात. देवगडहून एक म्हातारे चाचा आले. मासेमारीच्या होड्या असलेलं घर, पांढरी टोपी, हाताला डिझेलचा वास. इंजिन बघायला आलोय म्हणाले. मी त्यांना पडवीत नेलं, कारण नाही कसं म्हणणार? पण मनात ठरवलं की हा सौदा होऊ द्यायचा नाही.

चाचांनी झाकण काढलं, हात लावून गार असल्याची खात्री केली, प्लग खोलून उजेडात धरला. मग माझ्याकडे वळले. "भाभी, इंजिन तोंडान बोलणा नाय. तुमी शेजारी रवतास. तुमीच सांगा, कसा वापरलेला?"

खोटं बोलायचं तर खराब आहे म्हणता आलं असतं. पण त्यांनी विचारलं आणि माझ्या आत इतकी वर्षं साचलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "काय सांगू चाचा, ह्या इंजिनान आमका विहिरीचा पाणी मिळूक दिल्यान नाय! रोज सांजचा पिंपभर गोडा पाणी ह्येका. आमी कळशी कळशी वाचवतो आणि हय इंजिनाची आंघोळ. दीर तर असो, की कोणाक हात लावूक देणा नाय. सख्ख्या भावाक एक दिस मागल्यान तर दिल्यान नाय. वारो जरा वाढलो की घराक येता, भित्रो मेलो. कधी दामटून चलवल्यान नाय. पाहुणे बोंबलतत जोरात चला, पण ह्यो आपलो हळू. आणि पावसाळ्यात आमच्या खोलयेत पाणी गळता, पण ह्या इंजिनाक गोधडी. गोधडी चाचा, माझ्या सासूची!"

चाचा ऐकत होते. मध्येच हसले. मला वाटलं, माझं दुःख त्यांना समजलं.

"बस झाला भाभी," ते म्हणाले. "आता माका आणि काय बघूचा नाय."

दीर धक्क्याला लागेपर्यंत ते पडवीतच बसून राहिले. त्यांना मी सरबत करून दिलं. सूर्य खाली जाईतो इंजिन टेम्पोत चढलं आणि टेम्पो देवगडच्या रस्त्याला लागला.

दिवेलागणीला जाऊ माझ्या दारात आली, हातात खाज्याची पुडी. "वयनी, ह्येंचो बाजारात फोन इलो, चाचा सांगी होते, तुमी लय चांगला बोललास. कसलीच घासाघीस केल्यानी नाय. खावा, तुमच्यासाठीच हाडलंय."

मी पुडी घेतली. ती उंबऱ्यापर्यंत जाऊन परत वळली.

"खरा सांगू? मी ता तुमच्यासाठीच ठेवललंय. रोज फडको मारी होतंय तो तेच्याचसाठी. पण थोरल्या भावाक आपला वापरलेला आपणहून देवचा कसा? ह्ये म्हणाले, दादा मागीत तर हात जोडून देवया. तुमी कोणी मागल्यातच नाय."

नवरा मागच्या दारात होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता तो ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं माझ्या हातातल्या पुडीतलं एक खाजं घेतलं आणि चावत चावत खाडीकडे निघून गेला.

सकाळी जावेची होडी गेली ती मला कळलीसुद्धा नाही, बटणाच्या इंजिनाला आवाजच नाही. धक्क्यावर मागे राहिला तो फक्त आमच्या दोरीचा आवाज. नवरा ओढत होता, थांबत होता, पुन्हा ओढत होता.