भूकंप शिकायला रोह्याला

सून दीपा वर्षभर एकच टुमणं लावून बसलेली, "आई, मांडणी भिंतीला ठोकून घ्या." हमरापूरच्या आमच्या कारखान्यात छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर गणपती, नि त्यांच्याच खाली बसून ही मूर्तींचे डोळे आखते. मी म्हणायची, इतकी वर्षं पडले नाय, आता कशाला पडतील? मग कळलं, रोह्याच्या एका शाळेत भूकंपाचं शिबिर हाय. म्हटलं चल बाई, एकदाचं तुझं समाधान होऊ दे.

जाणार असाल तर पेणहून सकाळची रोह्याची रेल्वेगाडी धरा. तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. हायवेने जाऊ नका, खड्ड्यांतच सगळा भूकंप शिकून होतो.

शाळेत इथल्या नि परदेशातल्या कॉलेजांची माणसं मिळून जमीन किती थरथरते ते मोजतात. कोपऱ्यात डब्याएवढं यंत्र. मी हळूच पाय आपटला, तर पडद्यावर रेघ टुणकन उडाली! शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. "मावशी, यंत्र नुसता हादरा सांगतं. घरात काय हललं, काय पडलं, ते तुम्हीच आम्हाला कळवायचं."

मग सरावाची घंटा झाली. "वाका, झाका, धरा!" शिबिराला आलेल्या सगळ्या बाया बाकाखाली. मी उभीच, दोन्ही हात वर करून कपाट धरलेलं.

"मावशी, काय धरताय?"

"पडंल ना ते!"

"अहो, बाकाचा पाय धरायचाय!"

अख्खा वर्ग खिदळला. आमच्याकडं सगळ्याच बाया अशा, फळी जरा हलली की आधी हात वर. दीपा मात्र हसली नाय. बाकाखालूनच म्हणाली, "आई, घरीपण तुम्ही असंच धराल. नि खाली मी असेन."

रोह्याला लागूनच अष्टमी गाव, तिथल्या पुलाजवळ खानावळीत तांदळाची भाकरी नि वालाचं बिरडं झकास मिळतं. मी मात्र जेवताना तिथल्या भिंतीवरच्या फळ्याच बघत होते.

दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. मांडणी भिंतीला आवळली, मोठ्या मूर्ती खाली उतरवल्या. आता गिऱ्हाईक नाचत नाचत आत येतं, पाय ठेवायला जागा नाय. दीपाला सांगितलं, "हललं तर सरळ टेबलाखाली शिरायचं. मूर्ती दुसरी करता येते."

"नि तुम्ही?"

"मीपण."

"हात खाली ठेवून?"

व्हय म्हटलं. पण तिला भरवसा नाय. दिवसातनं दोनदा मागून येऊन फळीवर थाप मारते नि माझे हात बघते. काल ते खांद्यापर्यंतच गेले.