बुटाची नाडी

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या सरकारी कचेरीत त्या बाई एकदाच भेटल्या. उजवी बाही रिकामी; संत्रं गुडघ्यांत धरून डाव्या हातानं सोलत होत्या. पक्षाघातानंतर माझ्या नवऱ्याच्या देखभालीसाठीचा भत्ता नाकारला होता, म्हणून आम्ही विडरश्प्रुख, म्हणजे हरकत, नोंदवायला आलो होतो. बसल्याबसल्या यांच्या बुटाची नाडी सुटली. मी वाकून बांधली.

"रोज तुम्हीच बांधता?" बाईंनी विचारलं.

"जा," मी जर्मनमध्ये हो म्हटलं.

"आणि भत्त्यासाठी घरी तपासायला आले होते तेव्हा?"

"बूट स्वतः घालतात का, असं विचारलं. आम्ही हो म्हणालो. परक्यासमोर नवऱ्याचं उणं कसं सांगायचं?"

बाईंनी संत्र्याच्या फोडी आम्हा दोघांच्या हातावर ठेवल्या. "आल्झो, म्हणजे यांना बूट तुम्ही घालता. तुमचे हात त्या तपासणीच्या कागदावर कुठेच नाहीत. आत जाऊन तेवढं सांगा."

आत मी तोंड उघडायच्या आधीच हे अडखळत म्हणाले, "मला बूट हीच घालते. आंघोळही हीच घालते."

पुढे भत्ता मिळाला. त्याबद्दल त्या बाईंची मी ऋणी आहेच. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यांनी माझं कौतुक चारचौघांत केलं, आणि तेही जर्मनमध्ये, ते त्यांच्यामुळेच.